बेड नंबर चारचं जेवण

कुंदाताई गेल्याचं मला कुणी मुद्दाम कळवलं नाही. मी त्याच इमारतीत होते, दोन मजले खाली, रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या आमच्या खोलीत दुपारच्या जेवणाचे तक्ते लिहीत. आयसीयूतून सिस्टरचा फोन आला, "मॅडम, बेड नंबर चारचं फीड बंद करा." मी सवयीने विचारलं, "वॉर्डात हलवलं का?" ती म्हणाली, "नाही मॅडम…" नळीतून माणसाला कसं जेवू घालायचं हे ज्या बाईने मला शिकवलं, तिच्या जाण्याची बातमी मला अशी, रद्द झालेल्या जेवणातून कळली. मी तक्त्यावरच्या चार नंबरवर रेघ मारली. हात नेहमीसारखाच चालला, याची आजही चीड येते.

कुंदाताई बोरसे धुळ्याच्या, देवपूरच्या. आठवडाभर जळगावात एक खोली घेऊन राहायच्या आणि शनिवारी एसटीने घरी जायच्या. लग्न केलं नव्हतं. घरी भाचा आणि त्याची बायको. मी आहारशास्त्राची पदवी घेऊन त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा डाएटिशियन म्हणजे साखरेच्या पेशंटला भात किती आणि बाळंतिणीला लाडू कोणता हे सांगणारी बाई, एवढीच आमची किंमत होती. पहिल्याच आठवड्यात त्या मला आयसीयूत घेऊन गेल्या. डाळमिलमध्ये पोत्यांच्या थप्पीवरून पडलेला एक हमाल तिथे बेशुद्ध होता. ताईंनी त्याची फाईल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली आणि स्वतःशीच म्हणाल्या, "याना पोटमा काय गयं, ते कोठेच लिखेल नही." संताप आला की त्या अहिराणीत जायच्या. तेवढ्यात रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणतो, राउंडला आले.

"सर, पाचवा दिवस आहे. माणूस उपाशी आहे."

"सलाईन चालू आहे ना मॅडम?"

"सर, त्या बाटलीत पाणी, मीठ आणि थोडी साखर असते. त्याच्यावर माझी मांजरसुद्धा जगणार नाही."

सर हसले, पण नळी घालायला सांगितलं. इतके दिवस रिकाम्या असलेल्या पोटात एकदम ओतलं तर माणूस दगावू शकतो, म्हणून ताईंनी अगदी थोड्यापासून सुरुवात केली आणि रोज मोजून वाढवत नेलं. तीन आठवड्यांनी तो हमाल भिंतीला धरून चालत घरी गेला. घरच्यांनी सरांना हार घातला. आम्हाला दोन पेढे मिळाले.

या कामाचं रीतसर प्रशिक्षण घ्यायला पाठवा, असा अर्ज ताईंनी तीनदा दिला. "खिचडी शिजवायला कोर्स कशाला?" असं सर सगळ्यांसमोर म्हणाले. मग त्या स्वतःची रजा टाकून पुण्याला गेल्या, आपल्याहून निम्म्या वयाच्या मुलींबरोबर वर्गात बसल्या. नळीतून किती द्यायचं, शिरेतून कधी द्यायचं, कुणाला कशाचा धोका, हे सगळं वहीत उतरवून आल्या. आल्यावर त्यांनी प्रत्येक फाईलला लावायला एक कागद तयार केला. त्यावर एकच प्रश्न ठळक होता : दुसरा दिवस उजाडला, पोटात काय गेलं? महिनाभरात ते कागद फाईलींतून नाहीसे झाले. कुणी काढले, ते कुणीच सांगितलं नाही.

तेव्हा ताईंनी देवपूरच्या घरी रविवारचा वर्ग सुरू केला. आम्ही आठ जणी होतो, जळगावच्या, धुळ्याच्या, एक तर वरणगावहून यायची. एका रविवारी ताईंनी आमच्यासमोर स्वतःच्या नाकातून नळी घातली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, उमासे येताहेत, आणि हाताने आम्हाला खूण, बघा, नीट बघा… नळी पोटात गेल्यावर घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "आता पेशंटला 'काही नाही हो, जरा सोसा' असं कोण म्हणणार?" मी आजवर अनेक ठिकाणी अनेक भाषणं ऐकली. त्यातलं एकही त्या एका वाक्याइतकं माझ्या लक्षात राहिलेलं नाही.

पुढे रुग्णालयाची तपासणी होणार होती आणि त्यासाठी प्रशिक्षित आहारतज्ज्ञ कागदावर दाखवणं भाग पडलं. सरांनी मला बोलावलं. एका पावडर कंपनीने हॉटेलात दोन दिवसांचा कोर्स ठेवला होता. "तुम्ही जा. कुंदामॅडमचं आता वय झालं." मी गेले. स्टेजवर पावडरच्या डब्यांचा मनोरा होता, जेवणात गुलाबजाम होते, आणि दोन दिवसांत एकाही नळीला कुणाचा हात लागला नाही. सोनेरी काठाचं प्रमाणपत्र मात्र मिळालं. ते स्वागतकक्षात भिंतीवर लागलं आणि मी मुख्य आहारतज्ज्ञ झाले. ताईंना सांगायला गेले तेव्हा त्या तक्ते लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घे. तुला घर चालवायचंय." महिन्याच्या आत त्यांनी नोकरी सोडली. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारच्या वर्गाला कुठली मान्यता नव्हती, त्यामुळे एकेक मुलगी गळत गेली. मीही त्यातलीच. आधी ड्युटी, मग मुलीची परीक्षा, मग कारण सांगणंही सोडून दिलं.

यंदा त्यांना पक्षाघाताचा झटका आला. भाच्याने त्यांना धुळ्याहून थेट आमच्याकडे आणलं. "मावशीचंच हॉस्पिटल आहे," असं तो मला म्हणाला. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, गिळता येत नव्हतं. सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं, "सर, नळी?" ते फोनवर होते. "उद्या बघू." मी खाली येऊन तक्ते लिहायला बसले. तिसऱ्या दिवशी सर बाहेरगावी होते आणि त्यांच्या हाताखालचे डॉक्टर म्हणाले, सरांना विचारल्याशिवाय नको. मी फोन करू शकले असते. केला नाही. चौथ्या दिवशी ताईंच्या पलंगाशी गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि डावा हात उचलून चार बोटं दाखवली. शेजारच्या सिस्टरला वाटलं, बेडचा नंबर सांगताहेत. "हो आजी, चार नंबर," ती कौतुकाने म्हणाली. मला मात्र नीट कळलं होतं… मी त्या बोटांकडे पाहिलं आणि मग खिडकीकडे.

त्या संध्याकाळी मी सरांना फोन लावला, आवाज चढवला, आणि नळी घातली गेली. इतकं सोपं होतं ते. फीड थोड्यापासून सुरू केलं, त्यांनीच शिकवलेल्या हिशोबाने. पण छातीत कफ भरला होता आणि अंगात तो काढून टाकायचं बळ उरलं नव्हतं. नवव्या दिवशी त्या गेल्या. दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलंय, आणि ते खोटं नाही. वेळेवर जेवण मिळालं असतं तर वाचल्या असत्या, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. चार दिवस उपाशी ठेवलं, एवढं सांगू शकते.

रुग्णालयाने शोकसभा घेतली. फ्लेक्सवर ताईंचा फोटो, खाली 'पोषणसेवेच्या अग्रदूत'. सर गहिवरून बोलले आणि ताईंच्या नावाने दरवर्षी प्रशिक्षण वर्ग घेण्याची घोषणा केली. तेच हॉटेल, तीच पावडर. तो वर्ग मी चालवावा, असं त्यांनी सुचवलं. मी नाही म्हणाले. त्यांना आश्चर्य वाटलं, पण दुसरी मुलगी मिळायला त्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत. नोकरी मी सोडलेली नाही. घर अजून चालवायचंय.

मागच्या रविवारी देवपूरला गेले. भाच्याची बायको रेखा मला पुढच्या खोलीत घेऊन गेली. भिंतीशी आठ प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीत मांडलेल्या होत्या, पुसून लख्ख.

"या कुणासाठी?" मी विचारलं.

"मावशी दर रविवारी मांडायच्या," रेखा म्हणाली. "तुमचं येणं बंद झालं तरी. अकरापर्यंत वाट बघायच्या आणि मग स्वतःच उचलून ठेवायच्या. आता सवयीने मी मांडते."

समोर भिंतीवर घड्याळ होतं. सव्वादहा झाले होते. मी दाराजवळच्या खुर्चीत बसले. रेखा चहा ठेवायला आत गेली. अकरा वाजेपर्यंत कुणी आलं नाही.