शून्यांची माळ

रत्नागिरीतले आमचे शेजारी घरी बसून प्रोग्रॅम लिहितात. कुठलंही काम सांगा, म्हणणार, “आधी एकाने कमी करून बघू.” एक ते हजारचा गुणाकारही त्यांनी तसाच केला. त्यांचं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा तो तुकडा, स्वतःलाच नऊशे नव्याण्णवपर्यंतचा गुणाकार विचारतं, मग त्याहून एक कमी, आणि एकावर आलं की थांबतं.

यंदा गणपतीत तो गुणाकार छापून त्यांनी मखराभोवती माळेसारखा लावला. पडवी संपली तरी आकडा उरला. वहिनी वैतागल्या, “अहो, शेवटी नुसती शून्यंच आहेत, कापा ना!”

“कंप्युटर एक आकडा सोडत नाही, आणि मी कात्री लावू?”

त्यांनी शिडी उचलली आणि उरलेली माळ माझ्या दाराला बांधली.

आरतीला आलेली माणसं माझी शून्यं बघून हसली. मी ऐटीत म्हटलं, “आमच्याशिवाय यांचा आकडा पुरा होत नाही!”