बहात्तरातला एकटा दोन

सांतियागो गावच्या शाळेत पेत्रोनाबाई कुलाहाय आठवीला गणित शिकवत. वर्गमुळाचं चिन्ह त्या छपरासारखं काढायच्या आणि त्याखाली आकडा फोडून लिहायच्या. मग पोरं एका सुरात म्हणायची, "जोडीच्या नावाने एक बाहेर, एकटा उरेल तो आत."

मे महिन्यात त्यांचा नवरा तिबुर्सिओ गेला. बाई लवकरच शाळेत परतल्या, पण ते वाक्य काही तोंडून निघेना. मुळांची उजळणी त्या पुढेपुढे ढकलत राहिल्या. वर्ष संपलं की शाळा सोडायची असं त्यांनी मनाशी धरलं, मुख्याध्यापक बासिलिओंच्या कानावरही घातलं.

ऑक्टोबरात आठवीचा पतंग सुरू झाला. मृतांच्या दिवशी गेलेल्यांच्या आठवणीत कबरस्तानात उडवायचा, सहा हात बाजूचा, चौकोनी. आजवर त्याचे बांबू तिबुर्सिओ कापून द्यायचा. यंदा पोरांनीच कापले, आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा बांबू दोन बोटं तोकडा पडला.

"कागद थोडा दुमडू या," पोरांतला मातेओ म्हणाला. "कुणाला दिसतंय?"

"तुझं डोकंही दुमडून ठेव त्यात," ब्रिखिदा म्हणाली.

"वाऱ्याला दिसतं," बाई म्हणाल्या. "माप कसं काढलंत?"

"सहाचा वर्ग दोनदा, म्हणजे बहात्तर. कॅल्क्युलेटरवर त्याचं मूळ आठ पूर्णांक चार दशांश आलं. पुढे लांबलचक शेपूट होतं, ते सोडून दिलं," मातेओ म्हणाला.

"बहात्तर फोडलं का नाहीत?"

ब्रिखिदाच खाली बघत म्हणाली, "फोडलं की शेवटी ते एकट्याचं येतं, बाई. तुमच्यासमोर म्हणवेना."

बाईंनी तोकडा बांबू उचलून भिंतीशी टेकवला. मग खडू घेतला. छपराखाली लिहिलं: दोन, दोन, तीन, तीन, दोन.

"दोनांची जोडी. तिच्या नावाने एक दोन बाहेर. तिनांची जोडी, एक तीन बाहेर. दोन त्रिक सहा." खडू थांबला. "हा दोन एकटा उरला. तो आत राहतो. त्याला पुसायचं नाही, कापायचं नाही. आहे तसा ठेवायचा."

त्यांनी जमिनीवर एक हात बाजूचा चौकोन आखला, त्याच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणली. "हे दोनाचं मूळ. आकड्यात पुरं मावत नाही, दोरीत मावतं. सहा वेळा टाका."

मातेओने तसं मोजून नवा बांबू कापला. तो दोन्ही कोपऱ्यांना नेमका टेकला.

मृतांच्या दिवशी थडग्यांवर झेंडूच्या पाकळ्या पसरल्या होत्या. तिबुर्सिओच्या थडग्यापाशी बाई दोर धरून उभ्या होत्या. पतंग वर कागदी झालरीसकट फडफडत होता. बासिलिओ जवळ आले, टोपी काढली आणि म्हणाले, "जानेवारीत नवं वर्ष सुरू होईल. आठवीला दुसरं कुणी बघू का, बाई?"

वारा वाढला होता. बाईंनी दोराचा आणखी एक वेढा हाताला घेतला.

"नको," त्या म्हणाल्या. "मीच येईन."