पाळ फोडली का

दिवाळीनंतर गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, लेकी माहेरी येतात, तशी रेणूही पुण्याहून आली. सकाळचा चहा झाला, जमुनाबाई वालाच्या शेंगा निसायला बसल्या, आणि रेणू मोबाईल चाळता चाळता म्हणाली की त्या झॉम्बीच्या सिरियलचा नवा सीझन आला आहे. पण तो पाहायचा तर आधी जुन्याचा शेवटचा भाग पाहावा लागेल. तो आपला राहिलाच ना, आई.

जमुनाबाईंनी एक शेंग उगाच दोनदा मोडली. तो भाग राहिला नव्हता. त्यांनी तो राखला होता.

दोन वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात जमुनाबाईंच्या नवऱ्याला, पुनारामजींना, लकवा मारला. अर्जुनी मोरगावच्या या भागात पुनारामजींना कोण ओळखत नव्हतं? गावच्या तलावाचं पाणी वाटायचं काम त्यांच्याकडे. कोणाच्या धानाच्या बांधीत पाणी कधी सोडायचं, कधी तोडायचं, ते त्यांनी सांगावं आणि भांडखोरातल्या भांडखोरानेही ऐकावं. हा तलाव त्यांच्याच कोहळी समाजातल्या पूर्वजांनी बांधलेला, म्हणून पाळीवर, तलावाच्या त्या मातीच्या बांधावर, चप्पल घालून चढणाऱ्यालाही ते हटकत. असा माणूस उजवा पाय ओढू लागला तेव्हा घराबाहेर पडेना. गोंदियाच्या डॉक्टरने रोज चालायला सांगितलं होतं, पण लोकांनी पाहावं हे त्यांना सोसत नव्हतं.

रेणू तेव्हा घरूनच काम करायला म्हणून आली होती. संध्याकाळी अंगणात ती तिची विदेशी सिरियल लावायची, हिंदीत डब केलेली. मेलेली माणसं उठतात, पाय ओढत गावंच्या गावं खातात. पुनारामजींनी बाजेवरून मान उंचावून पाहिलं आणि म्हणाले, "हे तं माह्यासारखेच चालून राहिले."

आजारपणानंतर ते पहिल्यांदा हसले. मग कायदाच ठरला. तांदळाने भरलेल्या पायलीत मोबाईल उभा खोचायचा. पडद्यावर मुर्दे चालले की पुनारामजींनी अंगणात चालायचं. जिवंत माणसं बोलत बसली की बाजेवर टेकायचं. जिवंत माणसं फार बोलतात, अशी त्यांची तक्रार सुरू झाली तेव्हा जमुनाबाईंना समजलं, माणूस बरा होतो आहे. शेजारच्या सुशीलाबाई कुंपणावरून टोमणा मारत, की दिवे लागायच्या वेळी घरात मुर्दे कायले नाचवता? आणि टोमणा मारून तिथेच उभ्या राहून पाहत.

सीझन संपत आला तसा पुनारामजींचा जीव त्या सिरियलमधल्या धरणात अडकला. जिवंत राहिलेली माणसं धरणाच्या वर, मुर्द्यांचा लोंढा खाली. जिवंतांचा म्होरक्या म्हणतो, धरण उडवून देऊ, सगळे वाहून जातील. शेवटून दुसरा भाग संपला तेव्हा त्याचा हात बटणावर होता.

पुनारामजी बाजेवरून उठून उभे राहिले. "पाळ फोडाची नाही. उद्या पेतीन काय, पेरतीन कायच्या भरोशावर? पाणी सोडाचं असन तं रस्त्यानं सोडा."

"जीवच नाही राहिला तं पाणी कोण पेईन?" जमुनाबाई म्हणाल्या. "फोडलीच पायजे."

त्या दिवशी पुनारामजींनी पुढचा भाग लावूच दिला नाही. दुसऱ्या दिवशी रेणूला पुण्याला निघायचं होतं आणि सिरियल तिच्याच मोबाईलवर. मंडईले येशीन तवा पाहू, असं तिला सांगून त्यांनी भांडण चालू ठेवलं. जमुनाबाईही मुद्दाम उलट बोलत. पाळ फोडायच्या बाजूने बोललं की ते तावातावाने अंगणात दोन फेऱ्या जास्त मारत. रोवणीच्या दिवसांत तर ते काठी टेकत थेट पाळीवर गेले, चप्पल खाली काढून.

पोळ्याच्या आधी दुसरा झटका आला. त्यातून ते उठले नाहीत.

त्या वर्षीची मंडई सुतकासारखी गेली, मागची रेणूला सुटी नव्हती म्हणून. भांडण तिथेच राहिलं. आता शेवटचा भाग पाहिला आणि धरण फुटलं, तर आपण जिंकू, आणि जिंकलो की पुढे बोलायला कोणी नाही, याची जमुनाबाईंना धास्ती होती. अंगण सारवताना अजूनही त्यांच्या तोंडी यायचं, पाळ फोडलीच पायजे.

"तू पाह्यला का तो भाग?" त्यांनी शेंगांवरची नजर न काढता विचारलं.

"पुण्यालेच पाह्यला."

"मंग एवढंच सांग. पाळ फोडली का?"

रेणूने मोबाईलची काच ओढणीने पुसली. स्वच्छच होती. "नाही फोडली, आई. दरवाजा उघडून पाणी सोडलं. बाबा म्हणत होते तसंच."

लहानपणी दुधावरची साय खाऊन मांजरीवर आळ घालायची तेव्हाही ही पोर असंच काहीतरी पुसत बसायची. जमुनाबाईंनी मान हलवली. "पाह्य. मी उगाच भांडत होती."

त्या उठल्या, पायली तांदळाने भरून आणली आणि अंगणात ठेवली.

"शेवटचा लावू?"

"नोको. पहिल्यापासून लाव."

रेणूने मोबाईल तांदळात खोचला. थोड्या वेळाने पडद्यावर पहिला मुर्दा उठला आणि उजवा पाय घासत चालू लागला. जमुनाबाई रिकाम्या बाजेच्या कडेला, एका माणसाची जागा सोडून बसल्या होत्या.

"आवाज वाढव जरा," त्या म्हणाल्या.