गोधडीच्या पोटातला तेरावा चौकोन

भिसेगावच्या चंद्राबाई गायकवाडांनी आजवर दीड-दोनशे गोधड्या शिवल्या असतील. पण शिवलेली गोधडी उसवायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती आली एका शुक्रवारी दुपारी, आणि आली तीही कर्जतला, प्रमोदिनीबाईंच्या दिवाणखान्यात, चांगल्या सहा-सात जणींच्या देखत.

प्रमोदिनीबाईंनी गोधडी उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली. दोन्हीकडून नुसतं मऊ निळं लुगडं आणि त्यावर मुंगीच्या रांगेसारखा बारीक धावदोरा.

"अहो चंद्राबाई, आमचे चौकोन कुठे गेले?"

"आत हायेत की!"

"आत?"

"मंग? तुकडं आतच घालत्यात, बाई. अंगाला लागायला वर लुगडं."

प्रमोदिनीबाई मटकन खुर्चीत बसल्या. परवा रविवारी वाचनालयाचा वर्धापनदिन, आणि ही गोधडी तिथे भिंतीवर लावायची होती. आता भिंतीवर गोधडी लावतात हे चंद्राबाईंना कुणी सांगितलं होतं का? नाही. आणि सांगितलं असतं तरी त्यांना ते पटलं असतं की नाही, देव जाणे. गोधडी पांघरायची असते. त्या चौकोनांवर या बायांनी टिकल्या लावलेल्या, बटणं शिवलेली, एकीने तर चक्क किल्ली टाचलेली! रात्री कूस वळली की बरगडीत घुसायची.

"पुस्तकात बी गोष्ट आतच असती ना?" चंद्राबाई चाचरत म्हणाल्या. "वरून पुट्टाच दिसतो."

यावर स्नेहलला हसू फुटलं, पण प्रमोदिनीबाईंचा चेहरा बघून तिने ते गिळलं. स्नेहल बँकेत कामाला, आणि ही सगळी कल्पना तिचीच. प्रमोदिनीबाई आणि स्नेहल धरून बारा जणींची पुस्तक भिशी होती. दर महिन्याला चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिने कादंबरी सुचवायची, सगळ्यांनी ती वाचायची आणि शेवटच्या शनिवारी बाईंकडे जमून तिच्यावर बोलायचं. यंदा स्नेहलने टूम काढली की प्रत्येक कादंबरीचा एक चौकोन शिवू या. सुई धरायला शिकवायला म्हणून चंद्राबाईंना बोलावणं गेलं.

वर्षभर त्या आल्या. दाराजवळच्या चटईवर पांढरं लुगडं सावरून बसायच्या, सगळ्यांच्या सुया ओवून द्यायच्या, तुटलेले टाके सावरायच्या आणि ऐकायच्या. चहा पहिला त्यांनाच मिळायचा, उगाच खोटं कशाला बोला! पण तुम्हाला काय वाटलं, हे मात्र त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांचाही गोंधळच होता म्हणा. या बाया कुणासाठी डोळे पुसतायत, हेच आधी कळायचं नाही. कुठल्या गावची बाई, कुणाची कोण, म्हणून विचारावं, तर ती मुळी झालीच नव्हती! मग रडायचं कशाला? असं म्हणताना आपलाही पदर डोळ्याला का लागतोय, हे त्यांना आणखीनच कळायचं नाही.

आठव्या महिन्याच्या कादंबरीने तर कहरच केला. तिच्यातली इंदुमती नवऱ्याचं घर सोडून स्टेशनवर येऊन बसते. मांडीवर बोचकं. गाडी येते... आणि पुस्तक संपलं! ती चढली की माघारी गेली, पत्ता नाही. "शेवट मुद्दाम खुला ठेवलाय," प्रमोदिनीबाई कौतुकाने म्हणाल्या. चंद्राबाईंना कौतुक कुठलं वाटायला? त्यांना राग आला. अरे, बाईमाणसाला असं फलाटावर बसवून ठेवून लिहिणारा निघून गेलाच कसा? चार रात्री त्यांना धड झोप नव्हती.

कारण एकदा त्या स्वतः अशाच बसल्या होत्या. नवरा दशरथ रेल्वेत गँगमन, बिऱ्हाड घाटातल्या ठाकुरवाडी स्टेशनाजवळ. लग्नाला दोन वर्षं झालेली. सकाळी त्याने हात उचलला आणि तेवीस वर्षांची चंद्रा बोचकं घेऊन फलाटावर जाऊन बसली. माहेर घाटाच्या वर. दुपारी गाडी आली, थांबली, गेली. ती उठलीच नाही. का उठली नाही? घाबरली होती, की दशरथची माया होती, की उन्हाने डोकं चालेना? तिला आजवर कळलेलं नाही. लोक येत होते, जात होते, एकानेही विचारलं नाही की बाई गं, कुठं निघालीस. दिवेलागणीला ती मुकाट घरी आली आणि भाकऱ्या थापायला बसली. दशरथने पुन्हा कधी हात उचलला नाही, आणि तो जाऊनही आता नऊ वर्षं झाली. पण त्या दिवसाबद्दल ती कुणापाशी बोलली नव्हती.

त्या चार रात्रींनंतर चंद्राबाईंनी घरी बसून एक चौकोन शिवला. कुणी सांगितला नव्हता, कुणाला दाखवला नाही. आणि वर्षाअखेरी गोधडी जोडायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा ती भरताना बारा चौकोनांच्या खाली, मधोमध, तो सरकवून दिला. आत काय आहे, कोण बघतंय?

"कात्री आण गं, स्नेहल," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "उसवल्याशिवाय गत्यंतर नाही."

चंद्राबाई झटकन पुढे सरकल्या. तेरावा चौकोन निघाला की विचारतील, आणि विचारलं की सांगावं लागेल.

"मी घरी नेऊन उसवते. सकाळच्याला आणून देते."

"वेळ कुठाय? सगळ्या मिळून करू."

"कात्री नको मग, कापड कापंल. पातं द्या." असं म्हणून त्यांनी गोधडी स्वतःकडे ओढली. एकेक टाका त्या इतक्या सावकाश काढू लागल्या की स्नेहलला राहवेना. तीही दुसऱ्या टोकाला बसली. लुगडं सुटलं. बारा चौकोन दिसले, किल्ली दिसली, बायांनी टाळ्या वाजवल्या. चंद्राबाईंनी सुटलेली कड घाईघाईने दाबून धरली.

"मावशी, थांबा, खाली काहीतरी आहे," स्नेहल म्हणाली, आणि तिने हात घालून ते बाहेर काढलं.

एवढासा चौकोन. फलाट, बोचकं घेतलेली एक बाई, आणि तिला अगदी खेटून बसलेली दुसरी, पांढऱ्या लुगड्यातली. प्रमोदिनीबाईंनी तो चष्म्याजवळ नेला.

"ही तर इंदुमती! चंद्राबाई, तुम्ही ऐकत होतात?"

प्रमोदिनीबाईंनी दुसऱ्या बाईवर बोट ठेवलं.

"पण ही शेजारची कोण? कादंबरीत तर तिच्याजवळ कोणीच नव्हतं."

चंद्राबाईंनी पातं खाली ठेवलं.

"नव्हतं ना," त्या म्हणाल्या. "म्हनून तर बसवली. ठाकुरवाडीला माज्याजवळ बी कोनी नव्हतं."