पानावर कोणी लपलं हाय काय?

"पानावर कोणी लपलं हाय काय, काकाजी?"

एक पान ऐकून झालं की ताई टेबलावर हलकी थाप मारून हे विचारायची. हिंगणघाटच्या आमच्या छापखान्यात पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक दचकून टेबलाखाली बघायचं. तुम्हीही बघितलं असतं.

ताई जन्मांध. प्रुफं ती कानाने तपासायची. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी एक सोय कॉम्प्युटरमध्ये असते, तिला ती 'मास्तर' म्हणायची. मास्तर हेडफोनमधून वाचत आणि गाळलेला शब्द, दोनदा पडलेली ओळ, चुकलेला काना ताईला भातातल्या खड्यासारखा लागे.

पण मास्तर भोळे. डोळस माणसं पानावर काय काय लबाड्या करतात, ते त्यांना कळत नसे.

शीर्षकाची अक्षरं मध्ये मध्ये स्पेसबार मारून ऐसपैस मांडायची माझी जुनी खोड. दिसायला झकास. ताईच्या कानात मात्र एकेक अक्षर सुटं पडायचं. "काकाजी, ह्या शब्दाले धाप लागली. दवाखान्यात न्या त्याले." जुन्या फाँटमधली फाइल आली की आणखी पंचाईत. वरून मराठी, आत सगळी इंग्रजी अक्षरं, आणि मास्तर नेमकी आतली वाचत सुटायचे. "मास्तर बरळून राह्यले," असं जाहीर करून ती हेडफोन काढायची आणि चहा मागवायची.

मी चिडायचो. अर्धं आयुष्य ह्या धंद्यात घालवलेल्या माणसाला स्पेसबार कसा मारावा हे कोणी शिकवू नये. पण तिच्यावरचा राग टिकेल तर शपथ.

आमच्या समाजाची वधू-वर परिचय पुस्तिका दरवर्षी आमच्याकडेच छापली जाते. डावीकडे मुली, उजवीकडे मुलं. एकदा मी ते रकानेही स्पेसबारनेच पाडले होते. मास्तरांना रकाना कुठला दिसायला! ते ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवे वाचत गेले. ताई गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "काकाजी, ही पोरगी हातची जाऊ देऊ नका. सैपाक येते, भरतकाम येते, अन् कापसाच्या जिनिंगमध्ये फोरमॅन हाय."

अख्खा छापखाना हसला. मी मुकाट्याने रकाने नीट पाडून दिले.

सगळ्यात वाईट त्या चौकटी. हौशी पालक मुलीची माहिती वेलबुट्टीच्या चौकटीत घालून घेतात. ही चौकट पानावर वेगळी चिकटवलेली असते. मास्तर तिला वळसा घालून पुढे जात आणि तिथे काही लिहिलेलं आहे याचा ताईला पत्ताही लागत नसे. म्हणून तो प्रश्न. मग मी चौकट वाचून दाखवायचो आणि ती चुका सांगायची.

एका वर्षी चौकटींची पानं समाजाच्या मंडळाकडूनच तयार होऊन आली होती. एका पानाशी ताईने थाप मारली आणि मी चौकटीत डोकावलो. फोटो तिचाच होता. नाव तिचं, गाव वडनेर, संपर्काला तिच्या भावाचा नंबर.

"काकाजी? झोपले काय?"

पानावरचं काही गाळायचं नाही, असा आमचा करार होता. मी वाचलं, "गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ, नजर थोडी कमी."

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"नजर थोडी कमी," ती सावकाश म्हणाली. "हे चूक हाय."

आवाज नेहमीचाच होता, पण त्या दिवशी तिने पुढचं पान घेतलं नाही.

संध्याकाळी भाऊ न्यायला आला. हा भाऊ मला आवडतो. कचेरीत कारकून आहे, बहिणीला रोज स्कूटरवर आणायचा-न्यायचा. लबाडी केली होती तीही मायेपोटीच.

"काऊन लिहिलं असं, दादा?"

"मंग काय लिहू? खरं लिहिलं तर फोन तरी येईन काय कोणाचा? एकदा घरी तर येऊ दे त्याइले. तुह्याशी बोलले, म्हणजे..."

"मागच्या खेपेले पाहुणे आलते ना. पोह्याच्या प्लेटा तशाच ठेवून उठले. आई मोरीत त्या प्लेटा घासत रडून राह्यली होती. तुले वाटलं, मले समजलं नाई. मले दिसत नाई दादा, आईकू येते."

भावाने हातातली स्कूटरची किल्ली खिशात टाकली. तो म्हणाला, "काकाजी, ती म्हणते तसं करा."

"लिहा," ताई म्हणाली. "पूर्ण अंध. छापखान्यात प्रुफं तपासते. सैपाक येते, वरण थोडं पातळ होते. अन् चौकट काढून टाका. साध्या ओळीत घ्या."

"चौकटीत उठून दिसते ना पण!" भाऊ कळवळून म्हणाला.

"ज्याले दिसते त्याले. एखाद्याच्या घरी मास्तर असन, तर ते मले वळसा घालून जातीन."

वरणाचं तरी काढू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, राहू द्या.

पुस्तिका निघाली, मोबाईलवरही फिरली. एकाने फोन करून भावाचं 'हॅलो' ऐकताच ठेवून दिला. एका बाईंना हिला डोळस बहीण आहे का ते हवं होतं. मग रोहण्याहून एका मुलाचा फोन आला. तोही अंध, आर्वीत मुलांना इतिहास शिकवणारा. पुस्तिका त्याने मोबाईलवर स्वतः ऐकली होती, आयुष्यात पहिल्यांदा. "दरवर्षी आई वाचते," तो म्हणाला, "अन् तिले नको त्या पोरी गाळते."

ताई लग्न होऊन रोहण्याला गेली, त्यालाही आता बरेच दिवस झाले. तिच्या टेबलावर कागदाची रिमं साठली आहेत. तिची आठवण येते, फार येते. पण ती डोळ्यांपुढे येते ती वडनेरला, तिच्या घरी, मुलगी पाहायच्या दिवशी.

वडीलधारा म्हणून मलाही बोलावलं होतं. दोन्हीकडची आम्ही डोळस माणसं सतरंजीवर बसलेलो, आणि पाहायचं कोणी कोणाला? मुलाच्या आईने दोनदा घसा खाकरला. हवापाण्याचं बोलणंही संपलं.

मग ताईनेच विचारलं, "तुमचं मोबाईलवालं किती भरभर वाचते?"

मुलाचा चेहरा खुलला. त्याने खिशातला मोबाईल मध्ये ठेवला आणि आपल्या एका विद्यार्थ्याने लिहून पाठवलेलं उत्तर लावलं. आवाज असा भरधाव सुटला की एक शब्द कळेना. कढईत लाह्या फुटाव्यात तसा नुसता तडतडाट. ताईने मान पुढे केली.

"स्पीड अजून वाढवा."

त्याने वाढवला. दोघं ऐकत राहिली आणि मध्येच एका ठिकाणी, अगदी एकाच क्षणी, खळखळून हसली. तो मांडीवर थाप मारून, ती पदरात तोंड लपवून.

आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. भाऊ माझ्याकडे सरकून हळूच म्हणाला, "काय झालं, काकाजी?"

"मले काय मालूम, बाबू," मी म्हटलं. "आपल्याले तेवढं आईकू येत नाई."