अकरा किल्ल्यांचा चार्ज

आमचं जुनं स्टेशन पाडलं त्याला तीन वर्षं होतील. ते वाचवायला आम्ही दिलेल्या लढ्याच्या आठवणींचं पुस्तक आमची बचाव समिती काढते आहे आणि मास्तरांवरचा लेख माझ्याकडे आला. मी तो लिहून पूर्णही केला होता. मागच्या मंगळवारी त्यांना वाचून दाखवायला गेले. घरी येऊन तो फाडला.

मास्तर म्हणजे तिथले शेवटचे स्टेशनमास्तर. इमारत दगडी, सव्वाशे वर्षांची. गाड्या नव्या स्टेशनवर गेल्या, हे निवृत्त झाले, पण चार्ज घ्यायला कुणी आलंच नाही. त्यांच्या नोकरीतली रीत अशी, की पुढचा माणूस येऊन सही करेपर्यंत आधीच्याने जागा सोडायची नाही. मास्तरांनी सोडली नाही. चार वर्षं रोज सकाळी सहाला जायचे, कुलूप काढायचे, खोल्या झाडायचे आणि डायरीत लिहायचे, 'सर्व ठीक.'

"लग्न माझ्याशी लागलं, संसार तिकिटाच्या खिडकीशी," काकू म्हणायच्या.

"खिडकी उलट बोलत नाही," मास्तर म्हणायचे.

पाडायची नोटीस लागली तेव्हा याच वेडाचा आम्हाला आधार झाला. समितीच्या वकीलबाई म्हणाल्या, किल्ल्या मास्तरांकडे आहेत तोवर इमारत रिकामी आहे असं कुणाला म्हणता येणार नाही, स्थगिती मिळेल. सुनावणी गुरुवारी अकराला होती. गुरुवारी सकाळी सातलाच पाडायची यंत्रं आत शिरली. हमालांचे मुकादम त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. भिंत कोसळली. त्यांचा एक पाय गुडघ्यापासून गेला. कोर्टाने विचारलं, इमारतच पडली, आता स्थगिती कशाला द्यायची?

माझ्या लेखात होतं, 'पाडणाऱ्यांनी कुलूप तोडलं.' सगळे तसंच म्हणतात.

मास्तरांनी तिथे मला थांबवलं. "कुलूप तोडलं नाही. किल्ल्या मी दिल्या."

मला वाटलं, वय झालं. मी काकूंकडे बघितलं. त्या उठून आत गेल्या.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, रेल्वेचा एक तरुण अधिकारी घरी आला होता. हातात मेमो. नंबर, तारीख, शिक्का, सही. कुठे बोट ठेवायला जागा नाही. इमारतीचा चार्ज आज रोजी द्यावा, एवढंच लिहिलेलं. मास्तरांनी दोनदा वाचलं. मग अकरा किल्ल्या एकेक करून त्याच्या हातात दिल्या आणि वहीत सही घेतली. दमट हवेत कोणती किल्ली अडकते तेही सांगितलं.

"वकीलबाईंना फोन नाही केलात?"

"सुचलंच नाही. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. इतक्या वर्षांनी कुणीतरी रीतसर आलं."

"चहा मीच केला त्याला," काकू आतून म्हणाल्या. "दोनदा."



"हे लिही," मास्तर म्हणाले. "पण आधी मुकादमाला सांगायला हवं. तो रोज संध्याकाळी कुबडी टेकत इथे येतो. माझ्या शेजारी बसून कुलूप तोडणाऱ्यांचा उद्धार करतो. तीन वर्षं मी नुसता हूं हूं करतोय. तू बरोबर चल. एकट्याने माझं तोंड उघडत नाही."

मुकादम एका खोलीत राहतात. पलंगावर बसून कुबडीला नवं रबर बसवत होते.

"आज साहेबांचा दौरा? आणि बरोबर साहित्यिकबाई? म्हणजे भाषण होणार."

मास्तर दारातच उभे राहिले. अहवाल द्यावा तसं त्यांनी सांगितलं. वार, वेळ, किल्ल्या अकरा. आवाज सरळ होता.

मुकादमांनी रबर बसवून पूर्ण केलं.

"मेमोला नंबर होता?"

"होता."

"शिक्का?"

"होता."

"मग तुम्ही देणारच." ते रागावलेले दिसत नव्हते. तेच मला सहन होईना. "तीस वर्षं तुमच्या स्टेशनात ओझी वाहिली, मास्तर. तुम्हाला कागद दिसला. आम्ही नाही दिसलो."

"नाही दिसलात," मास्तर म्हणाले.

मुकादम माझ्याकडे वळले. "लिही, पोरी. माझंही लिही. मी उभा राहिलो तेव्हा मला कुठला मेमो आला नव्हता."

त्यांनी मास्तरांना बसा म्हटलं नाही. जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने आम्ही निघालो. त्या दिवसापासून मुकादम संध्याकाळचे येत नाहीत.

काल हा नवा लेख मास्तरांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला.

"एक राहिलं," ते म्हणाले. "सकाळी सातला मी कुठे होतो?"

"कुठे होतात?"

"अंथरुणात. चार्ज दिला होता ना. यंत्रांचा आवाज आला, तरी कूस बदलून झोपलो. तेही घाल."