परभणीच्या बागेत मी नवरदेव तळले

विमल आणि मी औरंगाबादच्या एका कॉन्व्हेंटमध्ये हॉस्टेलला होतो. दुपारच्या सुट्टीत चॅपलच्या मागच्या पायरीवर बसायचं, कुंपणावरच्या एक्झोराचं लाल फूल खुडायचं, त्यातला दोरा हळूच ओढायचा आणि टोकाला आलेला मधाचा थेंब जिभेवर घ्यायचा, हा आमचा रोजचा उद्योग. थेंब इतका लहान, की गोड लागला की नाही हे ठरवायला लगेच दुसरं फूल लागायचं. महिन्यातून एकदा विमलची आई पालमहून एसटीनं यायची. तिच्या डब्यात भोपळ्याचे घारगे असायचे. ते गोड आहेत का, असा प्रश्न कधी पडला नाही.

मधमाश्यांच्या तोंडचं आम्ही किती पळवलं, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. या नोव्हेंबरात परभणीत मात्र मला ते व्याजासकट फेडावं लागलं.

झालं असं, की पुण्यात माझ्या गच्चीवरच्या दुधीला फुलंच फुलं येत होती आणि दुधी एकही धरत नव्हता. मी विमलला फोन केला. ती निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, त्यामुळे तिला फोन करणं म्हणजे तोंडी परीक्षा.

"मधमाश्या येतात का?" तिनं विचारलं.

"छे! रोज फिनाईलनं गच्ची धुते मी. एक किडा फिरकत नाही," मी अभिमानानं सांगितलं.

 मग ती म्हणाली, "तू इकडंच ये. फोनवर नाही होणार हे."

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघालं की सकाळी परभणी. गुडघे दुखत असतील तर खालचा बर्थ आधीच मागून घ्या. मी न मागता मिळेल या आशेवर गेले आणि वर चढताना अख्ख्या डब्याची करमणूक केली. स्टेशनबाहेर रिक्षा लगेच मिळते. विमलच्या घरी पोचताच समोर सुशीला आली. मुरमुरे भिजवून केलेला हा इथला नाश्ता आपल्या पोह्यांपेक्षा हलका लागतो, त्यामुळे माणूस दुप्पट खातो. मी तिप्पट खाल्ला.

तिच्या घराला लागून कॉलनीची मोकळी जागा आहे. पूर्वी तिथे कचरा आणि गाजरगवत होतं. आता कॉलनीतल्या बायकांनी मिळून तिथे बाग केली आहे, आणि ती सगळ्यांना खुली आहे. दर रविवारी सकाळी तिथे विमल बागकाम शिकवते. फी नाही. जायचं असेल तर पाण्याची बाटली आणि डासांचं मलम न्या.

शहरातल्या बागा बघून गेलेल्या माणसाला ही बाग आधी अस्ताव्यस्त वाटते. मलाही वाटली, आणि मी तसं बोललेही. कोथिंबीर फुलावर आलेली, मुळे शेंगांवर आलेले, बडीशेप माणसाएवढी. "ही वेळेवर काढली नाहीस का?" मी विचारलं. "मधमाश्यांसाठीच ठेवलीय गं बाई," विमल म्हणाली. सब्जाच्या तुऱ्यांवर त्यांची गर्दी होती. पाणी पिताना त्या बुडू नयेत म्हणून मातीच्या परातीत खडे ठेवलेले. भिंतीला बांबूच्या पोकळ कांड्यांची मोळी टांगलेली; एकट्या राहणाऱ्या माश्या त्यात घर करतात. फाटकावर विमलच्या वळणदार अक्षरात पाटी: "देव थांबतात, माश्या थांबत नाहीत. फुलं दहानंतर तोडा." पहाटे पिशव्या घेऊन पूजेची फुलं तोडणाऱ्यांसाठी ती पाटी होती. मला ती फार आवडली. मी तिचा फोटोही काढला.

संध्याकाळी विमलनं मला कोपऱ्यातल्या मांडवाशी नेलं. तिथे भोपळ्याचा एकच वेल होता. पानांवर भुरीची पांढरी पूड पडलेली, शेंड्याकडचा भागच काय तो हिरवा.

"आईच्या बियांचा," ती म्हणाली.

आई जाऊन दोन वर्षं झाली. पालमचं घर विकलं तेव्हा विमलनं तिथून आईची बियांची डबी तेवढी आणली होती. ती कपाटात जपून ठेवली, कुणाला एक बी दिलं नाही. यंदा सगळ्या बिया पेरल्या, तर उगवला हा एक वेल. पावसात त्याची दोन कोवळी फळं सडली. आता हा शेवटचा बहर. एखादं फळ धरलं तर आईचं बी राहील, नाहीतर संपलं.

मग तिनं मला शिकवलं. ज्या फुलामागे इवलासा भोपळा असतो ते मादी. नुसत्या लांब देठावरचं ते नर. नराला कधी फळ धरत नाही. मी मन लावून ऐकलं. शाळेत असते तर सिस्टरनी वहीवर तारा चिकटवला असता.

रविवारी पहाटे विमल आंघोळीला गेली आणि मला वाटलं, आयतं बसून किती खायचं, वर्गाला येणाऱ्यांसाठी आपण काहीतरी करावं. भोपळ्याच्या फुलांची भजी! मादी फुलांना मी हातसुद्धा लावला नाही. मी काही अडाणी नव्हते. ज्यांना फळ धरणारच नाही अशी नर फुलं तेवढी तोडली, सगळी. उद्याच्या टपोऱ्या कळ्याही घेतल्या, कारण भजी कमी पडलेली मला आवडत नाहीत. पाटी आठवली, पण ती पूजेच्या फुलांबद्दल होती.

भजी सुरेख झाली. मी परात घेऊन बागेत गेले. वर्गाला दहा-बारा जणी होत्या. सगळ्यांनी एकेक उचललं. शेजारच्या शेख भाभींनी दोन घेतली. विमल वेलापाशी उभी राहून शिकवत होती: "आता आज उमललेलं नर फूल बघू..." तिचा हात वेलावरून फिरला. पुन्हा फिरला. मग ती माझ्याकडे वळली, आणि तिची नजर परातीवर आली.

"ज्योत्स्ना. काय केलीस तू?"

"नरच तोडली गं," मी म्हणाले. "तूच म्हणालीस, त्यांना फळ धरत नाही."

"त्यांना न्हाई धरत! पण त्यांच्या परागाबिगर हिला तरी कसं धरंल?" विमल चिडली की शिक्षिकेची भाषा सोडून पालमला जाते. "माश्यांनी काय, तुझं बेसन नेऊन घालायचं का तिच्यात?"

शेख भाभींनी हातातलं अर्धं भजं बघितलं. "अय्यो बाजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही तर नवरदेवच तळले की!"

सगळ्या हसल्या. विमल हसली नाही. त्या सकाळी उमललेली दोन मादी फुलं दहापर्यंत मिटून गेली. एक मधमाशी परागाचा कणही न आणता दोन्हींत जाऊन आली, ते मी बघत उभी होते. आता एकच मादी कळी उरली होती, दुसऱ्या दिवशी उमलणारी. आणि तिच्यासाठी वेलावर एकही नर कळी नव्हती. कॉलनीत भोपळ्याचा दुसरा वेल नाही. बाजारात भोपळा मिळतो, त्याचं फूल मिळत नाही.

भाभींनीच वाट काढली. "मॅडम, तुमच्या अम्मींनी गावात कुणाला तरी बी दिलं असंल की."

 घर विकल्यापासून विमल पालमच्या त्या आळीत गेलेली नव्हती. मग तिनं चप्पल घातली, आणि मी स्टीलचा डबा उचलला.

परभणी ते गंगाखेड एसटी भरपूर आहेत, पालमला जायला तिथे बदलावी लागते. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे बस बायकांनी भरलेली असते आणि गप्पांना तोटा नाही. दोन्ही बाजूंना काळी जमीन, फुटलेला कापूस, पिवळ्या फुलांवर आलेली तूर. ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर, त्यावर भांडी, बाजेवर बांधलेली शेळी. गोदावरीचा पूल आला की सगळी बस नाणी टाकायला खिडकीकडे झुकते. मीही टाकलं आणि एक भोपळा मागितला. विमल गंगाखेडपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तिथे बसस्थानकावर चहावाल्यानं विचारलं, "सोबत भजी देऊ का?" तेव्हा तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी तेवढ्यावर जगले.

पालमला आईच्या जुन्या घरासमोर सरूमावशी राहतात. विमलला बघून त्या उठून आल्या. "कवा आलीस गं विमे? दोन वर्षं झाली, वाट चुकलीस व्हय?"

 विमल नुसती त्यांच्या मागे बघत होती. पत्र्यावर, उकिरड्यावर, कुंपणावर, सगळीकडे भोपळ्याचे वेल होते.

"तुझ्या मायचंच बी हाय की ते," मावशी म्हणाल्या. "तिनं अख्ख्या आळीला वाटलेलं. सुना माहेरी घेऊन गेल्या, पार पाथरीपतोर. तुझ्याकडं न्हाई?"

विमलनं डबीची गोष्ट सांगितली.

"कपाटात ठिवलीस?" मावशींनी कपाळावर हात मारला. "बी काय सोनं हाय व्हय कुलपात घालायला?"

मग भज्यांचीही गोष्ट निघाली. मावशींनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "शिकलेल्या दिसता. चव कशी झालती?"

"चांगली झाली होती," मी खरं ते सांगितलं. विमलनं माझ्या पायावर पाय दिला, आणि मग अचानक हसायला लागली. हसता हसता रडली. मावशींनी तिला जवळ घेतलं. मी उकिरड्याकडे जाऊन उगाच फुलं मोजत बसले.

"आता इथं बी एवढं असताना त्या एका कळीचं काय घेऊन बसायचं?" परत निघताना मी म्हणाले. विमल म्हणाली, "ती माझ्या बागेतली आहे." मावशींच्या वेलावरच्या नर कळ्या आम्ही देठासकट ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घातल्या. घरी आल्यावर पेल्यात पाणी घालून उभ्या केल्या. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि झोप.

सोमवारी उजाडताना पेल्यातल्या कळ्या उमललेल्या होत्या. पेला घेऊन वेलापाशी गेलो, तर वेलावरची कळीही. विमलनं एका नर फुलाच्या पाकळ्या काढल्या, मधला दांडा माझ्या हातात दिला. "कर तूच. तोडलंस तूच."

चष्मा घरात राहिला होता. अंदाजानंच मी पराग मादी फुलाच्या मध्याला लावला, गोल फिरवून, शिकवल्याप्रमाणे. अजून मान वर करते न करते तोच एक मधमाशी आली. आधी पेल्यातल्या फुलांत लोळली, मग आमच्या फुलात शिरली आणि मी केलेलं सगळं काम पहिल्यापासून पुन्हा केलं. तिचा माझ्यावर विश्वास नसावा. तिचं बरोबर होतं.

पुण्याला आले. फिनाईलची बाटली खाली ठेवली, गच्चीत सब्जा लावला, परातीत खडे घातले. माझ्या सासूबाईंची मोठी परात कुठे गेली, असं सून अजून विचारते आहे. आठवड्याभरात विमलचा फोन आला: "धरलाय." एवढंच. आणि मी, परीक्षेत नापास होऊन पास झालेली मुलगी, किती तरी वेळ गच्चीत उभी राहिले. त्या प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर आळीभर वाटलेलं बी पत्र्यावर चढलं होतं आणि जपलेल्या डबीतून जेमतेम एक वेल निघाला होता, हे.

काल विमलनं तो पिकलेला भोपळा कापला. बियांची वाटणी कशी करायची हे तिनं मला फोनवर विचारलं, बहुधा शिक्षा म्हणून. विमल, लिहून घे. सगळ्यात टपोऱ्या बिया सरूमावशींना, कारण नवरदेव त्यांच्या घरचे. मूठभर शेख भाभींना, वाट त्यांनी दाखवली. वर्गातल्या प्रत्येकीला थोड्या, आणि उगवल्या की तिनं आणखी दोन घरी द्यायच्या, या अटीवर. काही माझ्या सुनेला, परातीच्या बदल्यात. गराचे घारगे कर आणि त्यातले दोन माझ्या नावानं तूच खा, घराच्या मागच्या पायरीवर बसून, हॉस्टेलात बसायचो तशी. आईच्या डबीत मात्र एकही बी परत घालायचं नाही. आणि पुढच्या वर्षीची नर फुलं सगळी माश्यांना. मला एकही नको, मी कितीही गोड बोलून मागितलं तरी.